नर्मदा मोंडकर इथंच राहते

मंगाफला तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या नर्मदा मोंडकरला कोणी विचारलं, "वहिनी, तुम्ही मूळच्या कुठल्या?" की ती बोट सरळ खाली फरशीकडे करायची. "हयची." समोरचा हसायचा, तीही हसायची, आणि मग सांगायची की माहेर मिठबावचं, सासर मोंडचं, तालुका देवगड. पण पहिलं उत्तर काही बदलायची नाही. कुवेत सरकार इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, शिक्का मारताना दर खेपेला बजावायचं, की बाई, तू पाहुणी आहेस. नर्मदेचं म्हणणं एवढंच, की सरकारचं सरकारला ठाऊक. माझ्या घरात भात कोण शिजवतं ते मला ठाऊक.

हे असं बोलणं तिला जन्मजात नव्हतं बरं का. अठ्ठ्याऐंशी साली लग्न होऊन कुवेतमध्ये खैतानला आली तेव्हा चारचौघांत तोंडातून शब्द फुटायचा नाही. नवरा शत्रुघ्न मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत पाइपफिटर. पहाटे डबा घेऊन गेला की ही आपली दिवसभर एका खोलीत, दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घेतलेल्या स्वयंपाकघरात. ऑगस्ट नव्वदमध्ये गल्लीत इराकी सैन्य आलं तेव्हा विशाखा, तिची मुलगी, अजून मांडीवर होती. पुढं बस, धूळ, जॉर्डनच्या सीमेवरचा तंबू, आणि मग मुंबईचं विमान. निघताना शेगडीवर डाळ होती. खालचा गॅस बंद केला की नाही, हे तिला तंबूत बसल्यावरही आठवेना.

मोंडला पोचल्यावर सासू म्हणाली, देवाची कृपा, सुटलात. नर्मदेला मात्र सुटल्यासारखं काही वाटलं नाही. राग आला होता, आणि तो नेमका कोणावर हेही तिला सांगता येत नव्हतं. कोणीतरी ऊठ म्हणालं आणि आपण उठलो, भरल्या घरातून, डाळ तशीच टाकून. ब्याण्णवमध्ये शत्रुघ्नला पुन्हा कामावर बोलावणं आलं तेव्हा सासूनं पाय धरायचे बाकी ठेवले होते, की जाऊ नका. नर्मदेनं पोर काखेला मारली. "ह्या खेपेक कोणी ऊठ म्हटल्यान तरी मी उठूचंय नाय," असं सासूला सांगून ती निघाली.

पुन्हा खैतान, पुन्हा वाटून घेतलेलं स्वयंपाकघर. शहाण्णव साली शत्रुघ्न फोरमन झाला आणि कुठं मंगाफची ही जागा मिळाली. तळमजला धरून चार मजल्यांची इमारत, मजल्यावर दोन घरं. पहिल्यांदाच असं दार मिळालं, की जे लावून घेतलं तर आत फक्त आपली माणसं. स्वयंपाकघराला खिडकी, आणि खिडकीत समुद्राची अरुंद पट्टी. नर्मदा पहिल्या दिवशी त्या खिडकीपाशी उभी राहिली आणि तिला रडू आलं. शत्रुघ्नला वाटलं, बायकोला गाव आठवलं. गाव कसलं, तिला हे घर आवडलं होतं.

बाकीची सातही घरं जपान्यांची होती. रिफायनरीत मोठं काम घेतलेल्या एका जपानी कंपनीनं आपल्या इंजिनियरांसाठी ती एकेक करून भाड्यानं घेतलेली. नवरे पहाटे कंपनीच्या गाडीतून जात, बायका-मुलं मागं. इमारतीत पाऊल ठेवलं की पायऱ्या आरशासारख्या, कचऱ्याच्या पिशव्या गाठी मारून ओळीनं, आणि आवाज म्हणून नाही.

आता आपल्याकडची रीत काय? वाडीत नवं बिऱ्हाड आलं की आधीची माणसं त्याच्याकडं जातात. कोणी पाण्याची कळशी नेतं, कोणी चहा, कोणी भात आणि वर कालवण. कारण नव्या घरात चूल पेटलेली नसते, उघड आहे. त्याला काय शास्त्र बघायला लागतं? नर्मदा राहायला आली तो गुरुवार. नवरे लोकांची सुट्टी सुरू व्हायची वेळ. तिनं सामानातून सगळ्यात आधी ट्रे आणि कप काढले. बिस्किटं मांडली, केस विंचरले, विशाखाला चांगला फ्रॉक घातला, आणि वाट बघत बसली. जिन्यावर पावलं वाजत. तिच्या मजल्यापर्यंत येत, आणि समोरच्या दारात निघून जात. शुक्रवारीही तेच. शनिवारी तिनं बिस्किटं विशाखाच्या डब्यात घातली आणि ट्रे वरच्या फळीवर टाकला.

"काय माणसा म्हणूची ही," ती शत्रुघ्नला म्हणाली. "समोरच्या दारात जिती माणसा येवन रवली, आणि कोण डोकावूक नाय."

शत्रुघ्न म्हणाला, लाजत असतील. लाजतात कसल्या? जिन्यात भेटल्या की हसायच्या, मान लववायच्या आणि भिंतीला लागून बाजूला व्हायच्या, नर्मदेला वाट देण्यासाठी. एखादी शिवी देऊन जाईल तर माणूस उलट चार तरी बोलेल. हसून बाजूला होणाऱ्याचं काय करायचं? नर्मदेनं मग आपल्या पद्धतीनं केलं. फहाहीलच्या बाजारातून सुका बांगडा मिळाला की स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी ठेवून भाजायचा. शुक्रवारी सकाळी खलबत्त्यात मसाला कुटायचा. चपला दाराबाहेर, वाटेल तशा. मुद्दाम काही केलं नाही, असं ती आजही सांगते. तिचं तिला ठाऊक.

सहाएक महिने असे गेले. मग इमारतीचा राखणदार अवद, जातीचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, आणि पोटात गोष्ट न ठरणारा, एकदा पायऱ्या पुसता पुसता तिला म्हणाला की बायकांनी कंपनीला सांगितलंय, कंपनीनं मालकाला. मासे, चपला, कुटण्याचा आवाज. आणि तो जे सांगायला नको होतं तेही सांगून गेला: यांतलं काहीच खरं कारण नाही, त्यांना परकं कोणी नकोच आहे.

दोन दिवसांनी मालक अबू मिशाल स्वतः आला. भला माणूस, उगीच खोटं कशाला बोला. सोफ्यावर बसला, चहा घेतला, आणि तिला 'विशाखाची आई' म्हणून हाक मारली, जी तिकडं बाईला मान देण्याची रीत.

"उम्म विशाखा, कंपनीला आता पूर्ण इमारत हवी आहे. तुमचा करार या महिनाअखेर संपतो. खैतानमध्ये मी तुम्हाला दुसरी जागा बघून देईन."

"आमचं चुकलं काय?" अरबी, हिंदी जे हाताला लागेल ते घेऊन नर्मदा बोलायची.

"चुकलं काही नाही. त्या बायका दिवसभर एकट्या असतात. त्यांना आपल्या माणसांत राहायचं आहे. आमच्या भागात आम्हीही परका घेत नाही. त्यात वाईट काय?"

"आपल्या माणसांत राहायचं होतं तर जपानात राहायचं. इथं कशाला आल्या?"

अबू मिशाल हसला. त्याला वाटलं बाई विनोद करतेय. चहा संपवून, दुवा देऊन तो गेला.

बघा आता. जमीन कुवेतची. जपानी पोट भरायला आलेले, मोंडकर पोट भरायला आलेले. दोघांचेही इकामे, दोघांवरही शिक्के. आणि एका भाडेकरूनं दुसऱ्याला म्हणायचं, की तू परका, तू नीघ. मालकानं काढलं असतं तर माणूस समजून घेतं, घर त्याच्या बापाचं आहे. पण पाहुण्यानं पाहुण्याला पानावरून उठवायचं? भटाला दिली ओसरी नि भट पाय पसरी म्हणतात ते हेच. आणि हे सगळं हसत, मान लववत.

संध्याकाळी शत्रुघ्न आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शर्ट काढून खुंटीला लावता लावता म्हणाला, "कशाक उगीच वाकडां घेतंस? साइटवर माका तेंच्याच हाताखाली काम करूचा लागता. जावया खैतानात."

"तुमी जावा. मी हयसर रवतंय."

"तुझा काय चल्लाहा नर्मदा? लोकांका आपण नको झालो तर—"

"नको झालंव तर झालंव. मी काय तेंच्या घरात जेवक बसलंय? माझ्या घरात मी बसलंय."

शत्रुघ्न गरीब स्वभावाचा, पण त्या दिवशी त्यालाही राग आला. जे सात वर्षं बोलला नव्हता ते बोलला. "आणि खैतानात तू काय केलंस गो? गच्चीवरच्या त्या पोरांक कोणी काढल्यान?"

खैतानच्या इमारतीच्या गच्चीवर खोली होती, तीत आंध्राचे काही गवंडी राहायचे. बॅचलर. म्हणजे लग्नं झालेली, बायका गावाकडं. गच्चीवर त्यांच्या लुंग्या वाळत, जिन्यात ते विडी ओढत. इमारतीतल्या बायका एक दिवस मालकाकडं गेल्या, की आमच्या पोरीबाळी आहेत, यांना काढा. आठवडा गेला नसेल, खोली रिकामी झाली. शत्रुघ्न स्वतः लग्नाआधी सात वर्षं असाच राहिलेला होता, एका खोलीत आठ जण. त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नव्हता.

"मी फकत मागे उभी होतंय," नर्मदा म्हणाली.

"तू उभी रवलंस म्हणान तर ते गेले."

दुसऱ्या दिवशी शत्रुघ्नच्या डब्यात नुसता डाळभात गेला. पण सामान बांधायला तिनं हात लावला नाही तो नाहीच. शत्रुघ्ननं खोकी आणली, एकट्यानं भरायला घेतली. ती भरलेल्या खोक्यातून कढई काढायची आणि गॅसवर ठेवायची.

महिना संपत आला तेव्हा एका दुपारी दार वाजलं. दारात पहिल्या मजल्यावरची कुरोदाबाई. मोठ्या साहेबाची बायको, पन्नाशीची, शेलाटी, केसांत पांढरी बट. हातात कापडात बांधलेला एक डबा. इमारतीत येऊन इतके महिने झाले, आणि जपानी माणसानं नर्मदेचं दार वाजवलं ते आज. बाईनं बूट काढले, वाकून ते बाहेरच्या दिशेला तोंड करून नीट लावले आणि मगच आत पाऊल टाकलं. नर्मदेनं ते पाहिलं. हिला निदान घर म्हणजे काय ते कळतं, असं तिच्या मनात आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

तरी आलेल्याला पाणी विचारायचं नाही, असं कसं चालेल? तिनं चहा केला. दोघींची इंग्रजी सारखीच मोडकी, त्यामुळं एकमेकींना बरी कळायची.

"तुम्ही जाताय म्हणून निरोप द्यायला आले," कुरोदाबाई सोफ्याच्या अगदी कडेला बसून म्हणाली. "शेजार फार थोडे दिवस झाला."

"शेजार?" नर्मदेनं कप खाली ठेवला. "कुठला शेजार? मी आले त्या दिवशी ट्रे मांडून बसले होते. दुसऱ्या दिवशी पण. पोरीला चांगले कपडे घालून. तुमच्यातली एक बाई आली नाही. माझ्या गावात चोर राहायला आला तरी पहिल्या दिवशी त्याला कोणीतरी चहा नेऊन देतं."

कुरोदाबाईचा चेहरा बदलला. तिनंही कप खाली ठेवला.

"आम्हीही वाट बघत होतो," ती म्हणाली. "तुमची."

"माझी कशाला?"

"आमच्याकडं जो नवा येतो तो दारोदार जातो. हातात टॉवेल घेऊन, नाहीतर साबण. अगदी लहानसं काही. आपलं नाव सांगतो. मी इथं राहायला आलोय, सांभाळून घ्या म्हणतो. तुम्ही आला नाही. आठवडा गेला, महिना गेला. आम्हाला वाटलं, यांना आम्ही कोणी नको आहोत. ज्यानं आपलं नावही सांगितलं नाही, त्याच्याशी बोलायचं कसं? मग माशांचा वास येऊ लागला, आवाज येऊ लागला. नाव माहीत असतं तर वासाचं कोणी बोललं नसतं. आम्हीही मासे भाजतो."

इकडं ही ट्रे मांडून बसलेली, तिकडं त्या सात जणी दाराकडं कान लावून बसलेल्या, आणि मध्ये जिना रिकामा. कपाळावर हात मारून घ्यावा अशी गोष्ट. पण तिला हसू आलं नाही, कारण खोकी समोर भरून ठेवलेली होती.

"आता कळलं ना तुम्हाला? मग सांगा मालकाला, की राहू दे हिला."

कुरोदाबाईनं मान हलवली. "सगळ्यांनी मिळून ठरवलंय. माझ्या एकटीनं ते मागं घेता येत नाही."

"तुम्ही मोठ्या साहेबाची बायको आहात."

"म्हणूनच येत नाही."

मग मात्र नर्मदेचं टाळकं फिरलं. सगळ्यांनी मिळून म्हणजे काय? खैतानलाही सगळ्यांनी मिळूनच ठरवलं होतं. त्यात एकीचंही नाव नव्हतं, म्हणून तर सगळ्या घरी जाऊन सुखानं जेवल्या. ती उठली. तो डबा न उघडता तिनं कुरोदाबाईच्या हातात परत ठेवला.

"हा निरोपाचा आहे ना? मग घेऊन जा. मी जात नाहीये."

आणि आल्या माणसाला रिकामं पाठवायचं नाही, म्हणून गावच्या जत्रेतून आलेल्या खाज्याची एक पुडी वर ठेवली, गूळ आणि आलं लावलेलं मालवणी खाजं. कुरोदाबाई दोन्ही हातांत ते सगळं धरून, बूट घालून, वाकून, गेली. काय झालं ते तिला धड कळलं नसावं.

नर्मदा दुसऱ्या दिवशी फहाहीलच्या बाजारात गेली आणि टॉवेल मागितले, सात. दुकानदारानं पांढरे काढले. "पांढरे नकोत, मयतीक जावचा नाय माका," ती म्हणाली. त्याला मालवणी कुठली कळायला, पण हात झटकलेला कळला. तिनं लाल, हिरवे, पिवळे, मोठ्या गुलाबांचे निवडले. घरी येऊन प्रत्येकात खाज्याची पुडी घातली. कोरं काही द्यायचं नसतं. शत्रुघ्ननं विचारलं, हे काय? ती म्हणाली, तुमी खोकी भरा.

महिनाअखेरीला सकाळी अबू मिशाल किल्ली घ्यायला आला, मागं अवद. शत्रुघ्ननं रजा घेतली होती. तो भरलेल्या खोक्यावर बसून होता, तोंड एवढंसं करून. नर्मदा आतून आली ती हिरवी काठाची साडी नेसून, हातात पितळी परात, परातीत टॉवेल.

"उम्म विशाखा, किल्ली," अबू मिशाल म्हणाला.

"किल्ली मग. माझं एक काम राहिलंय. त्याला आधीच उशीर झालाय."

आणि ती जिना उतरायला लागली. अबू मिशाल तिच्या मागं, अवद त्याच्या मागं, शत्रुघ्न सगळ्यांच्या मागं. ती थेट तळमजल्यावर गेली आणि पहिलं दार वाजवलं. कडेवर मूल घेतलेल्या एका तरुण बाईनं दार उघडलं. दारात एवढी मंडळी बघून ती बिचारी एक पाऊल मागं सरली.

"मी नर्मदा मोंडकर," नर्मदा म्हणाली. आवाज चांगला मोठा, जिनाभर जाईल असा. "तिसऱ्या मजल्यावर राहायला आले आहे. सांभाळून घ्या."

वाकली नाही ती. नमस्कार केला, आणि टॉवेल पुढं केला.

त्या पोरीनं एकदा मालकाकडं पाहिलं, एकदा टॉवेलाकडं. तिला ठाऊक होतं आज काय दिवस आहे. पण आयुष्यभर आईनं, आजीनं जे करताना पाहिलं ते अंगात असतं, त्याला काय करणार? नवा शेजारी दारात उभा आहे आणि त्याच्या हातात टॉवेल आहे. तिनं मूल खाली ठेवलं, दोन्ही हातांनी टॉवेल घेतला, कमरेत वाकली आणि आपलं नाव सांगितलं.

पुढचं दार. मग वरचा मजला, तिथलं एकच दार, कुरोदाबाईचं सोडून. मग दुसरा मजला, आणि शेवटी तिसऱ्यावरचं तिच्या समोरचं दार. प्रत्येक दारात तेच, मी नर्मदा मोंडकर, राहायला आले आहे, आणि प्रत्येक दारातून एक नाव. कोणी घाबरत घेतला, एकीनं तर रडवेली होऊन घेतला, पण नाही म्हणणारी निघाली नाही. आणि टॉवेल घेतल्यावर दार लावून घ्यायचंही कोणाला सुचेना. बायका हातात ते भडक गुलाबांचे टॉवेल धरून जिन्यात उभ्या राहिल्या. अबू मिशालनं मध्ये दोनदा काही बोलायचा प्रयत्न केला. त्याच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं.

कुरोदाबाईचं दार तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ते वाजवावं लागलं नाही. बाई दारात उभीच होती.

"मी नर्मदा मोंडकर. तिसऱ्या मजल्यावर राहायला आले आहे. उशीर झाला, चूक झाली. पण राहणार आहे."

कुरोदाबाईनं लाल टॉवेलाकडं पाहिलं. मग मान वर करून जिन्याकडं पाहिलं. वर, खाली, कठड्याला टेकून सगळ्या उभ्या, प्रत्येकीच्या हातात टॉवेल. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं ना? मग सगळ्यांनी मिळून घेतलाही होता. तिनं दोन्ही हात पुढं केले. टॉवेल घेतला आणि इतकी खाली वाकली, की ती पांढरी बट पुढं येऊन लोंबली.

"कुरोदा फुमिए," ती म्हणाली. मग सरळ होऊन मालकाकडं वळली. "मोंडकरसान आमच्या शेजारी आहेत."

"पण तुम्हीच तर म्हणाला होतात," अबू मिशालचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, "यांना काढा म्हणून."

"तेव्हा त्या आल्या नव्हत्या."

अबू मिशालनं अवदकडं पाहिलं. अवद छताकडं बघत होता. "वल्ला, तुम्हा बायकांचं मला काही समजत नाही," असं म्हणून तो जिना उतरला. दोन दिवसांनी नवा करार अवदच्या हाती वर आला, आणि पूर्ण इमारतीची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

पण त्या सकाळचं अजून संपलं नव्हतं. नर्मदा वर जाता जाता वळली. "तुमची रीत झाली. आता माझी. चहा." सगळ्या जणी आल्या. ज्या दाराबाहेरच्या चपलांवरून तक्रार झाली होती त्याच दाराबाहेर सात जोड बूट लागले, तोंडं बाहेर करून, ओळीनं. सोफा पुरला नाही. शत्रुघ्ननं खोकी सरकवून त्यांवर चादर घातली, आणि कढई शोधायला दोन खोकी फोडली.

त्यानंतर सगळं गोडगोड झालं असं कोणी समजू नये. दोघी जणी त्या दिवसानंतर वर कधी आल्या नाहीत, बांगडा भाजला की खालची खिडकी खाडकन लागायचीच. पण आता ती कोणाची खिडकी हे नर्मदेला माहीत होतं, आणि तीही जिन्यात गाठून विचारायची, "काय हो हिराईबाई, आज फार वास?" कंपनीचं काम संपून ती मंडळी गेली तेव्हा कुरोदाबाई प्रत्येक दारी निरोपाला फिरली. तिनं दिलेला टॉवेल पांढरा होता. नर्मदेनं तो घेतला, डोळ्यांना लावला, आणि कपाटात ठेवला.

माणसं बदलत गेली. मिसरी आले, मल्याळी आले, सीरियाचं एक कुटुंब आलं. नर्मदा नवीन बिऱ्हाडाकडं पहिल्या दिवशी किटली घेऊन जायची. मग दोन हजार चार साली अबू मिशालनं तळमजल्याचं एक घर कामगारांना दिलं. वेल्डर, सुतार, आठ-दहा जण. काही आपल्याकडचे, काही आंध्राचे, काही नेपाळी. नर्मदा तेव्हा लेकीच्या परीक्षेत गुंतलेली होती, किटली खाली न्यायची राहून गेली होती, आणि एक दिवस स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघते तर इमारतीतल्या बायका तिच्याच हॉलमध्ये जमलेल्या. पुढारीण सुचित्रा, नवरा कुवेत सिटीत बँकेत, दोघं पुण्याची.

"काकू, तुम्ही इथं सगळ्यांत जुन्या. मालक तुमचं ऐकतो," सुचित्रा म्हणाली. "ही फॅमिली बिल्डिंग आहे. ते लोक जिन्यात उभे राहून बोलत असतात, बाल्कनीत लुंग्या वाळत घालतात. आपल्या मुली आहेत. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

सगळ्यांनी मिळून. नर्मदेनं एकेकीकडं पाहिलं. मागच्या बाजूला, भिंतीला टेकून, नुकती लग्न होऊन आलेली एक मल्याळी पोर उभी होती. नर्मदेनं तिच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं.

"त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव ठाऊक आहे तुम्हाला?" तिनं विचारलं.

"नावाचं काय करायचंय, काकू?"

नर्मदा आत गेली. मोठ्या पातेल्यात चहाचं आधण ठेवलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात किटली होती आणि दुसऱ्यात परात, परातीत खाजं.

"चला."

"कुठं?"

"खाली. आधी रीत, तक्रार मागून. आणि इतकं करूनही त्यांना काढायचंच असेल तर मालकाला सांगा, तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात कर. मी एकदा मागं उभी राहिले होते. आता राहायची नाही."

सुचित्राचं तोंड वाकडं झालं, पण काकूंनी किटली तिच्याच हातात दिली होती, ती ठेवायची कुठं? सगळा घोळका खाली उतरला. नर्मदेनं दार वाजवलं. आतला बोलण्याचा आवाज एकदम थांबला. चाळिशीच्या एका माणसानं दार उघडलं, लुंगी वर खोचलेली, हात कणकेनं भरलेले. त्यानं दारातल्या बायका पाहिल्या, एका नजरेत सगळ्या मोजल्या, आणि त्याला समजायचं ते समजलं. हे त्याला नवीन नसावं. आवाज न चढवता त्यानं विचारलं, "भाभीजी, कब तक खाली करना है?"

नर्मदेनं परात पुढं केली.

"पहले कप लाओ," ती म्हणाली. "मैं नर्मदा मोंडकर. तीसरे माले पे रहती हूँ. तुम्हारा नाम क्या, भाऊ?"